खळीचा रुमाल

मी रुमाल बोलतोय. डोक्याला बांधायचा, चौकोनी, सुती, वांग्याच्या फुलाच्या रंगाचा. ‘बोलतोय’ म्हणताना मला मान वर करवत नाही, कारण माझ्या हातून जे काही वाईट झालं ते माझ्या बोलण्यानेच झालं. मी गप्प असतो, तर एका गुणी मुलीचं वर्ष पणाला लागलं नसतं. तरी आज एकदा बोलून घेतो. मनात कुढत बसण्यापेक्षा सांगून मोकळं व्हावं, असं जिने मला शिवलं ती बाई सगळ्यांना सांगत असते. स्वतः मात्र तिने ते अकरा वर्षं पाळलं नाही. ते पुढे येईलच.

माझा जन्म रुमाल म्हणून झाला नाही. आधी मी नुसतं कापड होतो. ठकीच्या आईने मला झगा शिवायला घेतलं होतं. ती प्रार्थनामंडळात गायची. आवाज असा, की उशिरा पोचलेली माणसं आत यायचं सोडून जिन्यातच थबकत. एक कार्यक्रम जवळ आला होता आणि त्यात पहिल्यांदाच तिला एकटीने गायचं होतं. तिने मला खांद्यावरून सोडून आरशात पाहिलं, स्वतःशीच लाजली, आणि उद्या बेतू म्हणून खुर्चीवर टाकलं.

तो उद्या आलाच नाही. त्या दुपारी ठकी शाळेतून आली ती तव्यासारखी तापलेली. आठ वर्षांची होती पोर. ठकी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बाहुलीसारखी एका जागी टुकूटुकू बघत बसायची, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं. बाराव्या दिवशी ताप गेला, पण जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. डावा कान पार नेला. उजव्यात थोडी धुगधुगी ठेवली.

दवाखान्यातल्या बाकावर बसून आईने हात जोडले. “देवा, लेकीचा कान तिला परत दे. तोवर मी गाणार नाही. गुणगुणणारसुद्धा नाही.” घरी येऊन तिने माझी घडी घातली, मला ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, माझ्यावर डॉक्टरांच्या कागदांचं पाकीट ठेवलं आणि झाकण लावलं.

दहा वर्षं मी त्या पाकिटाखाली होतो. अंधारात कापडाला दुसरं काम काय? मी घर ऐकायचो. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. दिवसभर त्या धडधडाटात बोलायची सवय, त्यामुळे घरीही “मीठ दे” हे ते दुसऱ्या गावाला निरोप द्यावा तसं सांगत. ठकीला बाबांचं सगळं ऐकू यायचं. आईचा आवाज मात्र बारीक होत गेला. भांडी घासताना, केर काढताना जिथे पूर्वी एखादी ओळ असायची, तिथे आता नुसतं पाणी वाजायचं, नुसता झाडू वाजायचा. व्रत मोडू नये म्हणून बाई ओठ मिटून कामं उरकायची.

डॉक्टरांनी ठकीच्या उजव्या कानाला मशीन दिलं होतं. भुईमुगाच्या शेंगेएवढं, कानामागे बसणारं. आईने ते लावू दिलं, पण मनापासून नाही. तिला आतून वाटायचं, मशीन लावणं म्हणजे देवाला ‘राहू दे, आमचं आम्ही बघतो’ असं सांगणं. मशीनचा ती तिरस्कार करत नव्हती. फक्त त्याच्याकडे बघायची नाही.

शाळेत पोरं दुसरं काय करणार? ठकी वरचेवर ‘काय? काय?’ विचारायची, म्हणून तिचं नाव पडलं काय-काय. वर्गात काय-काय, मैदानात काय-काय. दारात बोलवायला येणाऱ्या पोरींनीही दहावीपर्यंत तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारल्याचं मी ट्रंकेतून कधी ऐकलं नाही. मग एका संध्याकाळी तिने आईला सांगितलं, “आई, ह्यापुढे मी कुणालाही ‘काय?’ म्हणून विचारणार नाही. ऐकू आलं तर आलं.” घरात आता दोन व्रतं झाली. आईचं देवाला ठाऊक होतं. लेकीचं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आईला ते नुसतं रुसणं वाटलं.

मग ठकीला विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राला जागा मिळाली. नवं गाव नव्हे, पण नवी माणसं. तिथे काय-काय कुणाला माहीत नव्हती. जायच्या आदल्या आठवड्यात ती आईला म्हणाली, “असं काहीतरी शिवून दे ना, कान दिसणारच नाही असं. सगळ्या मुली बांधतात तसं, पण नीट झाकणारं.”

आईच्या तोंडावर असं काही हलकं पसरलं, जसं कुणी तिच्या डोक्यावरची कळशी उतरवून घेतली. ट्रंक उघडली. मी दहा वर्षांनी उजेड पाहिला, आणि झग्याऐवजी रुमाल झालो.

मऊ रुमाल घसरतो आणि कान उघडा पडतो. म्हणून आई माझ्यासाठी दर रविवारी कापड ताठ करणारी खळ करायची. पातळ, निवळ, गाळून घेतलेली. त्यात मला बुडवायची, पिळायची, अर्धवट वाळलो की गरम इस्त्री फिरवायची. फिरवताना तोंडाने नामस्मरण चालू. मी असा ताठ व्हायचो, की टेबलावर उभा राहिलो असतो. “बघ,” ती लेकीला म्हणायची, “जागचा हलायचा नाही.”

खरंच हलायचो नाही. पण बोलायचो.

मशीनचा माईक कानाच्या अगदी वरच्या टोकाला असतो. त्याच्यावर मी ताठ बसलेला. ठकीने जराशी मान वळवली की मी खसखसायचो. तिने वहीत मान घातली की करकरायचो. कापडाचा एवढासा आवाज, तुम्हाआम्हाला ऐकूसुद्धा येणार नाही, पण मशीनचं कामच मुळी लहानाचं मोठं करणं. फळ्यापाशी प्राध्यापक काहीतरी मोलाचं सांगत असत आणि ठकीच्या कानात मी वाळक्या पाचोळ्यासारखा बडबडत असे. मला थांबता येत नव्हतं. माझ्या अंगात जी खळ होती ती प्रेमाने घातलेली होती, आणि तीच बोलत होती.

तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त जाळते. घरी येऊन ती मला सोडायची, माझ्याकडे बघायची, आणि हँगरवर नीट अडकवून ठेवायची. एकदाही फेकलं नाही.

पहिलं वर्ष निभावलं. लेखी परीक्षाच होत्या, आणि पुस्तकं काही कुजबुजत नाहीत. ठकी अख्खी पुस्तकं पाठ करायची. दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षा आली.

ती प्रयोगशाळेत होती. भिंतीत हवा बाहेर ओढणारा पंखा घरघरत होता. परीक्षक सरांनी तोंडाला पट्टी बांधली होती. भुकट्यांचं काम, बांधावीच लागते. ठकी समोर बसली. पट्टी हलली, म्हणजे प्रश्न आला हे तिला कळलं. तिने समजल्यासारखी मान हलवली. मान हलली तसा मी करकरलो. पट्टी पुन्हा हलली. ती हसली. पट्टी तिसऱ्यांदा हलली. तिने पुन्हा मान हलवली, पुन्हा मी. सरांनी लेखणी खाली ठेवली, पट्टी हनुवटीवर ओढली आणि म्हणाले, “बाई, नंदीबैलासारखी मान काय डोलावताय? अभ्यास करून यायची पद्धत असते.”

तेवढं एकच वाक्य तिला नीट कळलं. कारण तेवढ्यासाठीच त्यांचे ओठ दिसले होते.

बाहेर शेजारच्या बाकावरची मैत्रीण थांबली होती. ठकीसमोर येऊन तिने विचारलं, “काय गं, एवढ्यात सुटलीस? वाचलं नव्हतंस का?”

“नाही वाचलं,” ठकी म्हणाली. “कंटाळा आला होता.”

मी तिच्या कपाळाला टेकलेला होतो. त्या कपाळाला घाम सुटला होता. तीन आठवडे पहाटे उठून वाचणारी मुलगी सांगत होती, मला कंटाळा आला. आळशी म्हणा, मठ्ठ म्हणा, पण दुसरं काही म्हणू नका. मी तेव्हा मनात म्हटलं, देवा, माझ्यापेक्षा एखादं पोतेरं बरं. ते निदान काहीतरी पुसतं.

निकाल लागला. लेखीत वरच्या दहांत, तोंडीत नापास. पाच आठवड्यांनी पुन्हा एकदा तोंडी, आणि त्यातही गेली तर अख्खं वर्ष परत. सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: ज्या विद्यार्थ्यांना अपंगत्वामुळे विशेष सोयी लागतात, त्यांनी परीक्षेआधी पंधरा दिवस सुविधा कक्षात अर्ज करावा. ठकीने ते दोनदा वाचलं आणि इकडेतिकडे पाहिलं, जणू ती ओळ कुणी तिचं नाव घेऊन मोठ्याने म्हटली होती.

सुविधा कक्ष तळमजल्यावर होता. त्याच्या दारासमोर पिण्याच्या पाण्याचा नळ. ठकी रोज तिथपर्यंत जायची, दाराकडे बघायची, कुणी येताना दिसलं की बाटली भरायची आणि परत फिरायची. असे आठ दिवस गेले. त्या आठवड्यात पोरगी जेवढं पाणी प्यायली, तेवढ्यात एखादी बाग जगली असती.

नवव्या दिवशी कक्षातल्या बाईच बाहेर आल्या. पन्नाशीच्या, केसांत खोचलेली पेन्सिल विसरलेल्या. म्हणाल्या, “आता आत ये. काठोकाठ भरली असशील.”

आत त्यांनी संगणकात डोकं घालून काहीतरी विचारलं. ठकी म्हणाली, “हो.” आणखी विचारलं. “हो.” तिसऱ्या ‘हो’ला बाई थांबल्या, खुर्ची फिरवून समोरासमोर बसल्या.

“मी काय विचारलं आत्ता?”

ठकी बाटलीच्या झाकणाशी चाळा करू लागली.

“मी विचारलं, तुझं नाव काय, वर्ष कुठलं, आणि अडचण काय आहे. तू तिन्हीला हो म्हणालीस.” त्या हसल्या, पण लगेच चेहरा आवरला. “चूक माझीही आहे. तिकडे तोंड करून बोलत होते. वीस वर्षं हेच काम करते, आणि तरी!”

ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या टोकाने डोळे टिपले. तेवढंच एक धड काम मी त्या दिवसापर्यंत केलं असेल.

अर्जात एक रकाना होता: ‘आपल्याला कोणत्या सोयी हव्यात?’ ठकीने बराच वेळ पेन धरून ठेवला आणि लिहिलं, ‘सरांनी जमल्यास थोडं मोठ्याने बोलावं, त्यांना त्रास होणार नसेल तर.’

बाईंनी केसांतली पेन्सिल शोधून काढली आणि ‘जमल्यास’ खोडलं. मग ‘त्यांना त्रास होणार नसेल तर’ खोडलं. “आता राहिलं काय? मोठ्याने बोलावं. मोठ्याने बोलून तुला कळतं?”

“नाही,” ठकी हळूच म्हणाली. “ओठ दिसले की कळतं. पंखा बंद असला की. आणि कधी कधी... प्रश्न लिहून दिला तर.”

“मग ते लिही ना. मोठ्याने बोलून सरांचा घसा बसवून काय करायचंय?”

“पण मॅडम, मी सवलत घेऊन पास झाले असं...”

“उत्तरं सांगायची सोय मी कुणालाच देत नाही,” बाई म्हणाल्या. “प्रश्न तुझ्यापर्यंत पोचवायची देते. पोचल्यावर तू आणि तुझं नशीब.”

अर्जाला दोन कागद लागणार होते. आजार झाला तेव्हाचा डॉक्टरांचा अहवाल, आणि कानाची नवी तपासणी. मुदतीला सहा दिवस उरले होते. अहवाल ट्रंकेत होता.

घरी आल्यावर ठकीने जेवणाच्या टेबलाशी सगळं सांगितलं. तोंडीत नापास झाल्याचं घरी आत्ताच कळत होतं. आईने तेवढं शांतपणे ऐकलं, पण ट्रंकेचं नाव निघताच ताट बाजूला केलं.

“कागदावर लिहिलं की ते कायमचं होतं,” ती म्हणाली. “मी त्याच्याकडे मागणं मागितलंय. अजून त्याने नाही म्हटलेलं नाही. तुम्ही आधीच शिक्के कसले मारून घेता?”

“आई, माझं वर्ष जाईल.”

“जास्त वाच. देव वाचणाऱ्याला...”

“अगं!” बाबांचा आवाज आला तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. “अकरा वर्षं मी ह्या घरात ओरडून बोलतोय, ते काय हौस म्हणून? शेजारी मला भांडखोर म्हणतात! तिला ऐकू येत नाही. तुला ठाऊक, मला ठाऊक, देवाला तर सगळ्यात आधी ठाऊक. एका विद्यापीठापासूनच काय लपवायचं राहिलंय?”

आई उठून आत गेली. खूप वेळाने ट्रंकेची कडी वाजली. ती पाकीट घेऊन आली, ते टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, “तपासणीला मीही येईन.”

तपासणीच्या खोलीतली तंत्रज्ञ मुलगी वयाने ठकीहून फार मोठी नव्हती. तिने ठकीला बाहेरचा आवाज न येणाऱ्या काचेच्या पेटीत बसवून तपासलं, आलेख काढला. मग मशीन तपासायला घेतलं. मशीनला एक नळी जोडली, आणि डॉक्टर छाती तपासतात तशी तिची दोन टोकं स्वतःच्या कानांत घातली. मशीनला काय ऐकू येतं ते तपासणाऱ्याला कळावं म्हणून ती नळी असते.

“मशीन उत्तम आहे,” ती म्हणाली. “मग वर्गात कळत का नाही? तू रोज कशी बसतेस, दाखव बरं.”

ठकीने मला बांधलं. मशीन कानावर, मी त्यावर, नळी माझ्याखालून तंत्रज्ञाच्या कानांत. “आता मान हलव.”

ठकीने मान हलवली. मी बोललो. तंत्रज्ञाने झटक्यात नळी कानांतून उपसली.

“अगं आई गं! हे ऐकत होतीस तू? किती दिवस?”

“पावणेदोन वर्षं,” ठकी खाली बघत म्हणाली.

“कुणी केलं हे असं कडक?”

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठली. “मी केलं,” ती म्हणाली. “मला ऐकू दे.”

तिने नळी कानांत घातली. ठकी मान हलवायला तयार नव्हती. आई म्हणाली, “हलव.” ठकीने अगदी थोडी, इतकीशी मान वळवली.

आईचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. तिने माझा आवाज ऐकला. दर रविवारी स्वतःच्या हाताने खळ गाळून, इस्त्री फिरवून, देवाचं नाव घेऊन तिने लेकीच्या कानात काय घातलं होतं, ते तिने ऐकलं. आणि तिचा कान गाण्याचा कान. तिला ते तुमच्याआमच्याहून दुप्पट ऐकू आलं असेल. मला त्या वेळी धागान्धागा उसवून पडावंसं वाटलं.

“मला का नाही सांगितलंस?” ती ठकीला म्हणाली.

“तू इतकं मन लावून इस्त्री करायचीस,” ठकी म्हणाली. “आणि मलाही झाकायचंच होतं. माझाच हट्ट होता, आई.”

आम्ही तिघांनी एकमेकांची लाज राखता राखता काय करून ठेवलं होतं, ते त्या लहानशा खोलीत उघड्यावर आलं. आईने माझी गाठ सोडली. एवढ्या रविवारी तिने मला ताठ केलं होतं, लेकीच्या डोक्यावरून सोडलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

तपासणीच्या दाखल्यावर शेवटी बहिरेपणाबद्दल दोन चौकोन होते: तात्पुरते, कायम. तंत्रज्ञाचा पेन दुसऱ्या चौकोनाशी गेला तशी आई कळवळून म्हणाली, “बाळ, ‘सध्या’ असं नाही का लिहिता येणार?”

मुलगी थांबली. “काकू, मी देवाचं दार लावत नाहीये. आज तिला किती ऐकू येतं, एवढंच मला लिहायचंय. हे लिहिलं की पुढच्या परीक्षांना तिला पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागणार नाही.” मग ती म्हणाली, “तुम्ही मागत राहा की. माझ्या कागदाने त्याचे हात थोडेच बांधले जाणार आहेत?”

आईने डोळे मिटले. ओठ हलले, पण काय पुटपुटली ते मलाही कळलं नाही. मग म्हणाली, “लिही.”

मुदतीच्या आदल्या दिवशी अर्ज गेला. ठकी उघड्या कानाने गेली. मी तिच्या पिशवीत होतो. जिन्यात दोघी मुलींनी कानाकडे पाहिलं आणि नजर चुकवली. ठकीचा हात आपोआप पिशवीत शिरला, माझ्यापर्यंत आला, मला घट्ट धरून राहिला. पण बाहेर काढलं नाही. लाज एका दिवसात जात नाही हो. कापडावरचा डागही जात नाही, ही तर लाज.

अर्ज मंजूर झाला. परीक्षा वेगळ्या लहान खोलीत, पंखा नाही, सर समोर बसणार, पट्टी नाही, न कळलेला प्रश्न लिहून देणार. कक्षातल्या बाईंनी ठकीला आधीच खोली दाखवायला नेलं. सगळं ठीक होतं. फक्त गुळगुळीत फरशी आणि लोखंडी खुर्ची. खुर्ची सरकली तशी असा कर्कश चीत्कार उठला की ठकीने कान दाबून धरला. मशीनमधून तो सुरीसारखा लागतो.

“ह्याच्या पायांना काहीतरी बसवायला हवं,” बाई म्हणाल्या. “मागणी लिहिते, पण ते यायला दोन महिने लागतील.”

ठकीने हे संध्याकाळी घरी सांगितलं, नुसतं सांगायचं म्हणून. आई उठली. तिने मला गरम पाण्यात टाकलं आणि चोळून चोळून सगळी खळ काढली. तीन पाण्यांतून काढलं. दुसऱ्या दिवशी मी वाळलो तेव्हा इतका मऊ होतो की मला मीच ओळखू आलो नाही. मग तिने कात्री आणली.

मला भीती वाटली नाही. उलट वाटलं, बरं झालं, हिशेब चुकता झाला. चार तुकडे. प्रत्येक दुपदरी, आत कापूस, तोंडाशी रबरी नाडी. खुर्चीचे पाय बाबांनी कागदावर मापून आणायला सांगितले होते, तोही कागद समोर. आई खिडकीशी बसून शिवत होती. ठकी शेजारच्या खोलीत पाठमोरी, वाचत.

दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर आईच्या ओठांतून एक ओळ निघाली.

तिला कळलंसुद्धा नाही. अर्धी ओळ झाल्यावर कळलं. सुई थांबली, हात तोंडावर गेला. घाबरून तिने देवापुढच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा जसा होता तसाच जळत होता. मग तिने हात खाली घेतला आणि जिथे थांबली होती, तिथूनच पुढे गायला लागली. हळू, थोडं बेसूर, अकरा वर्षांच्या गंजासकट.

शेजारच्या खोलीत ठकीचं पान उलटणं थांबलं होतं. मान अजिबात हलत नव्हती. ती वळली नाही. वळली असती तर आई थांबली असती.

परीक्षेच्या सकाळी ठकीने गुडघ्यांवर बसून मला खुर्चीच्या चारही पायांत घातलं. तेवढ्यात परीक्षक सर आले, तेच. त्यांनी ते पाहिलं, मग तिच्या कानाकडे, मग हातातल्या मंजुरीच्या कागदाकडे. “मागच्या वेळी मी जे बोललो...” असं म्हणाले आणि वाक्य पुरं करता आलं नाही. “आधी सांगायचं होतंत,” एवढंच म्हणाले. ठकी म्हणाली, “हो सर, सांगायला हवं होतं.” दोघांच्याही माना खाली होत्या. खालून मला दिसलं.

ती बसली. खुर्ची पुढे ओढली. आवाज झाला नाही.

पहिला प्रश्न आला, तिने उत्तर दिलं. दुसरा आला, दिलं. तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी सरांनी कागद चाळायला मान वळवली आणि शब्द भिंतीकडे गेले. मला वरची ठकी जाणवली. तिचे पाय आखडले. मान हलायला लागली, जुन्या सवयीने, हो हो म्हणायला. मी श्वास रोखला.

मान थांबली.

“काय?” ठकी म्हणाली. मग घसा साफ करून, “सर, काय म्हणालात? मला कळलं नाही. पुन्हा सांगता का?”

सरांनी तोंड समोर केलं आणि पुन्हा सांगितलं.

ती पास झाली. फार वरच्या गुणांनी नाही, पण स्वतःच्या. आता तिसऱ्या वर्षाला आहे. अजूनही अनोळखी माणसासमोर तिचा हात कानाकडे जातो आणि अर्ध्या वाटेवरून परत येतो. आई अजून रोज दिव्यापुढे कान मागते आणि मग गाते. दोन्ही एकाच बैठकीत. देवाने काही हरकत घेतलेली नाही.

मी त्याच खोलीत आहे, त्याच खुर्चीच्या पायांत. रंग विटला, एका तुकड्याला भोक पडलंय, फरशीची धूळ खातो. माझ्यावर अजून कुणी कुणी बसतात. कुणाला डोळ्यांची अडचण, कुणाचा हात कापतो. ते अर्ज करून येतात, म्हणजे त्यांनीही कुठल्यातरी दारासमोर पाणी पिऊन दिवस काढले असतील. वरून त्यांचे घामेजलेले तळवे खुर्चीच्या कडांवर आवळतात. मला सांगावंसं वाटतं की बाळांनो, मी एका मुलीच्या डोक्यावर ताठ बसून जेवढी लाज राखली, त्याहून जास्त इथे पायाखाली मऊ होऊन राखतो आहे. आणि तुम्ही, जे आपल्या लेकराचं काही झाकायला कापड बेतत असाल, त्यांना हात जोडून एवढंच मागणं: शिवण्याआधी ते एकदा स्वतःच्या कानाला लावून बघा.

बाहेर पुढचा विद्यार्थी आलाय. खुर्ची सरकेल. आता मला बोलून चालणार नाही.